रविवारी औत नाही

रविवार, सकाळचे साडेसहा. आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर चिटपाखरूही जागं नसतं. शनिवारी रात्री तीन वाजेपर्यंत जर्नल लिहिणारे, पिक्चर बघणारे आणि काहीच न करता जागे राहणारे, असे तिन्ही प्रकारचे विद्यार्थी एकाच गाढ झोपेत एका पातळीवर आलेले असतात. अशा वेळी मी बादली घेऊन बाथरूमकडे निघतो. नळ सोडला की कुठल्या तरी रूममधून हमखास आवाज येतो, "कोण आहे रे तो? रविवारी आंघोळ?"

फर्स्ट इयरला या आवाजाची लाज वाटायची. आता सवय झाली आहे. माझा रूम पार्टनर मात्र मुळातच चौकस. एकदा त्याने विचारलं, "एक सांग, तुमचा देव सोमवार ते शनिवार काय करतो? रविवारीच का जायचं? आणि एकुलत्या एका सुट्टीच्या दिवशी पहाटे उठायचं, म्हणजे सुट्टीची वाट नाही का लागत?" सबमिशनची गडबड होती. 'नंतर सांगतो' म्हणून मी वेळ मारून नेली. मासिकासाठी लेख मागवल्याची नोटीस लागली तेव्हा ते आठवलं. तर मित्रांनो, हे माझं लेट सबमिशन. सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकरोडचे कॅथलिक. 'ख्रिश्चन म्हणजे घरी इंग्रजी बोलत असणार,' असं इथे अनेकांना वाटतं. आमच्या घरात इंग्रजी फक्त माझ्या मार्कशीटवर आहे. मूळ गाव श्रीरामपूर तालुक्यात, तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. याच भागातल्या केंदळ गावातून १९०३ साली फादर हेन्री डोरिंग या जर्मन मिशनऱ्याने 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केलं. आजी शिकली चौथीपर्यंत, पण 'निरोप्या' शेवटच्या पानापर्यंत वाचायची. नोकरीसाठी पप्पा नाशिकला आले आणि आम्ही इथलेच झालो. नाशिकरोड म्हटलं की तुम्हाला नोटांचा छापखाना आठवेल. आमच्या लोकांना आठवतं ते बाळ येशूचं मंदिर. फेब्रुवारीत तिथे यात्रा भरते आणि त्या गर्दीत सगळ्या धर्मांचे लोक असतात. पण यात्रा वर्षातून एकदा. रविवार दर आठवड्याला.

आमच्या घरी रविवार शनिवारी संध्याकाळीच सुरू व्हायचा. इस्त्री शनिवारी. शाळेचा गृहपाठ शनिवारी. बूट पॉलिश शनिवारी. नियम एकच होता, रविवारी दप्तर उघडायचं नाही. आता सांगितलं तर खोटं वाटेल, पण पाचवीत असताना मी रविवारी चोरून गणितं सोडवताना सापडलो होतो आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली होती! अभ्यास केला म्हणून बोलणी खाणारा या कॉलेजात मी एकटाच असेन.

सकाळी मराठी मिस्सा. कम्युनियन घेण्याआधी तासभर काही खायचं नाही, हा नियम. आजीच्या लहानपणी तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. तासाभराची सवलत १९६४ पासूनची. तरी तो तास आम्हा पोरांना युगासारखा वाटायचा. आम्ही पाच जण एका बाकावर बसायचो. एका टोकाला पप्पा, दुसऱ्या टोकाला आजी, मध्ये मम्मी आणि आम्ही दोघं. म्हणजे पळून जायला वाट नाही. हार्मोनियम-ढोलकीवर गाणी सुरू असेपर्यंत धाकटी खूश. प्रवचन सुरू झालं की तिची चुळबुळ सुरू. ती सहा वर्षांची असताना तिला धर्मशिक्षणाच्या वर्गात कळलं की रविवारच्या मिस्सेचं बंधन सात वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं. त्या रविवारी तिने अंथरुणातूनच जाहीर केलं, "मला अजून कंपल्सरी नाही!" आजीने तिला पांघरुणासकट उचललं.

मिस्सा संपली तरी कुणी लगेच घरी जात नसे. बायका गाभुळलेल्या चिंचेपासून पोरींच्या लग्नापर्यंत सगळं बोलायच्या. कुणाची नोकरी गेली, कोण दवाखान्यात आहे, कुणाला रक्त हवंय, हे सगळं तिथे कळायचं. फादर दारात उभे राहून पोरांचे कान ओढायचे. मग घरी येताना मिसळ. नाशिकचा माणूस धर्माने कुणीही असो, रविवारी मिसळीपुढे सगळे एक. दुपारी जेवण आणि नंतर चटई टाकून आडवं व्हायचं. कुठे जायचं नाही, काही करायचं नाही. तेव्हा मला त्या दुपारीचा फार कंटाळा यायचा. का, ते पुढे सांगतो.

आता पार्टनरच्या प्रश्नाकडे. रविवारच का? ज्यूंचा विश्रांतीचा दिवस शनिवार. आपल्या कोकणातले बेने इस्रायली तेल गाळायचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. येशूचं पुनरुत्थान रविवारी झालं, म्हणून ख्रिस्ती लोकांनी रविवार धरला. इ.स. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारी शहरातली कामं आणि न्यायालयं बंद ठेवायचा हुकूम काढला. शेतकऱ्यांना मात्र त्याने सूट दिली होती, पाऊसपाणी पाहून त्यांनी काम करावं.

ही सूट आमच्या आजोबांना कुणी सांगितली नव्हती. आजोबांकडे बैल एकच. शेजारच्या आप्पांकडेही एकच. म्हणून दोघांनी सावड केली होती. दोन बैलांचं एक औत, आळीपाळीने दोघांच्या रानात. आता गंमत अशी, की आजोबा रविवारी बैल जुंपत नसत आणि आप्पा सोमवारी. सोमवार महादेवाचा, नंदीला त्या दिवशी जुंपायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यामुळे त्या बैलजोडीला आठवड्यात दोन सुट्ट्या! आपल्या आयटीवाल्यांच्या कितीतरी आधी फाइव्ह डे वीक. ऐन पेरणीत आप्पा वैतागायचे, "आरं, तुझा देव रविवारी निजतो अन् माझा सोमवारी. ह्या दोघांला एका वारी बसवायला काय झालं?" आजोबा म्हणायचे, "बैलाला विचार, त्याची काय तक्रार आहे का?"

आजी ही गोष्ट हसत हसत सांगायची. पण शेवटी एक वाक्य न चुकता जोडायची, की बायबलमध्ये विश्रांतीची आज्ञा आहे ती फक्त मालकाला नाही. त्यात नोकर आहे, परगावचा पाहुणा आहे, बैल आणि गाढवसुद्धा आहे. आपण आराम करायचा आणि दुसऱ्याला राबवायचं, त्याला विश्रांती म्हणत नाहीत.

रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली असं मी समजत होतो. साहेबाला चर्चला जायचं होतं, म्हणून आपल्यालाही मिळाली. प्रत्यक्षात मुंबईच्या गिरणी कामगारांना ती भांडून मिळवावी लागली. त्यांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. त्यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली आणि तिथे दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. त्यानंतर १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, असंही लोखंड्यांनी मांडलं होतं म्हणतात. म्हणजे पार्टनर, ज्या रविवारी तू अकरापर्यंत झोपतोस, त्यामागे माझा येशू, जेजुरीचा खंडोबा आणि लोखंड्यांची चळवळ, तिघेही आहेत.

मिळालेली ही सुट्टी टिकवायलाही किंमत पडते, हे मला घरातच कळलं. आपल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकात फॅक्टरी ॲक्ट १९४८ आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी रविवारी, आणि रविवारी काम दिलं तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी, असं कलम होतं. आपण ते पाच मार्कांसाठी पाठ करतो. पप्पा ज्या कारखान्यात लागले तिथे सुट्टी शनिवारी. विजेचा भार वाटला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींना वेगवेगळ्या वारी सुट्टी द्यायची पद्धत आहे, त्यातला तो प्रकार. पप्पा प्रॉडक्शनला होते. रविवारी पहिली पाळी असली की ते संध्याकाळच्या मिस्सेला, आम्ही सकाळच्या. रात्रपाळी असली की सुटल्यावर थेट चर्चमध्ये यायचे, अंगावर कंपनीचा शर्ट, आणि प्रवचनात त्यांची मान खाली. आम्हाला वाटायचं, किती मनापासून प्रार्थना करतात!

मी तिसरीत असताना अचानक पप्पांना रविवारची सुट्टी मिळू लागली. कशी, हे बऱ्याच वर्षांनी मम्मीकडून कळलं. त्यांनी स्वतःहून मेंटेनन्सला बदली मागितली होती. कारखाना शनिवारी बंद असतो तेव्हा मशिन उघडायला मेंटेनन्सची माणसं लागतात. तो शनिवार त्यांनी कायमचा अंगावर घेतला आणि बदल्यात रविवार घेतला. त्यापायी प्रॉडक्शनचा इन्सेन्टिव्ह गेला. घरात तेव्हा फ्रिज घ्यायचं चाललं होतं. तो दोन वर्षं उशिरा आला. पप्पा याबद्दल कधीच काही बोलले नाहीत.

पण आमच्या या आदर्श रविवारात एक मोठी चूक होती आणि ती धाकटीने काढली. आमच्या घरी रविवारी मटण. म्हणजे आम्ही मिसळ खाऊन पेपर वाचणार आणि मम्मी वाटण वाटणार. दुपारी आम्ही चटईवर, मम्मी भांड्यांपाशी. एका रविवारी धाकटी धर्मशिक्षणाच्या वर्गातून दहा आज्ञा पाठ करून आली. जेवताना तिने विचारलं, "पप्पा, तिसरी आज्ञा मम्मीला लागू नाही का?" आमच्यात विश्रांतीची आज्ञा तिसरी. सगळे गप्प. बैल-गाढवाची गोष्ट सांगणारी आजीसुद्धा ताटात बघत राहिली. पुढच्या रविवारी पप्पा कांदे चिरायला बसले. त्या दिवशीचा भात खालून करपला होता आणि वरून कच्चा होता. थर्मोडायनॅमिक्समध्ये हे कसं बसतं मला माहीत नाही. पण आम्ही तो खाल्ला. तेव्हापासून मटण महिन्यातून एकदा, इतर रविवारी साधं जेवण, भांडी मी आणि पप्पा, संध्याकाळी खिचडी. मम्मीला रिकामं बसायची सवय नव्हती. पहिले काही रविवार ती उगाच कपाट आवरत बसली. नंतर हळूहळू 'निरोप्या' आजीकडून तिच्या हातात आला.

मार्च २०२० मध्ये चर्च बंद झालं. मिस्सा मोबाईलवर आली. पप्पांनी सांगितलं, नाईट पँटवर बसायचं नाही. इस्त्रीचे कपडे, भांग, सगळं नेहमीसारखं. स्टुलावर मोबाईल उभा करून आम्ही पाच जण हॉलमध्ये ओळीने बसायचो. मध्येच नेट गेलं की फादर हात वर करून थिजायचे, तोंड उघडं. धाकटी हसायची. आजी मात्र तसल्या पडद्यापुढेही गुडघे टेकायची. १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, ती ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. चर्चमध्ये परत गेलो त्या दिवशी बाकांवर खुणा करून माणसं दूर दूर बसवली होती. आम्ही पाच जण एका बाकावर मावत नव्हतो, तेव्हा कळलं की ती दाटीवाटीची जागा आपल्याला किती आवडत होती.

हे कळूनसुद्धा पुढच्याच वर्षी मी ती जागा सोडली. बारावी. सीईटी. क्लासची टेस्ट दर रविवारी सकाळी. क्लासवाल्यांना विचारलं तर उत्तर मिळालं, "रविवारी सुट्टी हवी असेल तर आर्ट्सला जायचं होतं." शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते, तेव्हा मार्ग होता. पप्पांनी तो सुचवलाही. मी दोनदा गेलो. मग 'रिव्हिजन आहे' सुरू झालं, मग तेही सांगायचं बंद झालं. ज्या माणसाने इन्सेन्टिव्ह सोडून रविवार मिळवला होता, त्याने माझ्या क्लासची फी भरली आणि एका शब्दाने टोकलं नाही. फक्त रविवारी सकाळी निघताना ते मला क्लासच्या दारात सोडायचे आणि पुढे तिघींसह चर्चला जायचे. रिक्षा वळेपर्यंत धाकटी मागे बघायची. तिला माझा हेवा वाटत होता की राग येत होता, अजून विचारलेलं नाही.

ॲडमिशन मिळाली. इथे हॉस्टेलला आलो. आता रविवार म्हणजे कपडे, जर्नल, झोप आणि सोमवारची भीती. फर्स्ट इयर असंच गेलं. सेकंड इयरला एम-थ्री राहिला.

केटी काही जगबुडी नव्हे, हे इथे सांगायला नको. पण आमच्या घरात तो पहिलाच नापासाचा निकाल. मी तीन आठवडे घरी सांगितलं नाही. फोनवर "निकाल?" "लागायचाय अजून." "जेवलास का?" "हो." एवढंच. मग एका शुक्रवारी घरी गेलो. ठरवलं होतं, आज सांगायचं. शुक्रवारी पप्पा उशिरा आले, थकलेले. शनिवारी त्यांची ड्युटी, मम्मीची बाजार-निवडणं, धाकटीचा क्लास. जो तो घाईत. चालत्या माणसाला थांबवून वाईट बातमी सांगायचा धीर होत नाही. खरं म्हणजे, घाई आहे म्हणून मला बरंच वाटत होतं.

रविवारी मिस्सा झाली, मिसळ झाली, भांडी झाली. दुपारी चटई. पंखा. पप्पा आडवे, डोळे मिटलेले. मम्मी भिंतीला टेकून वाचत होती. कुणाला कुठेच जायचं नव्हतं. लपायला एकही काम शिल्लक नव्हतं. लहानपणी या दुपारीचा कंटाळा का यायचा ते तेव्हा समजलं. काही करायला नसलं की माणूस समोरच्याला दिसतो.

मी पंख्याकडे बघत म्हणालो, "पप्पा, एम-थ्री राहिलाय."

डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

मग ते उठून बसले. "तीन आठवडे एकट्याने घेऊन फिरलास?"

मला रडू आलं. नापास झालो म्हणून नव्हे. मम्मीने पुस्तक मिटलं आणि चहाला उठायला लागली, तर पप्पांनी तिला बसवलं आणि स्वतः उठले. चहा घेताना मी घाईघाईने माझा प्लॅन सांगायला लागलो, रोज तीन तास, जुने पेपर, आत्ताच सुरू करतो, पुस्तक बॅगेतच आहे.

"उद्यापासून," पप्पा म्हणाले. "आज रविवार आहे."

एम-थ्री पुढच्या वेळी सुटला. तो रविवारमुळे सुटला असं मी म्हणणार नाही. तो लाप्लासच्या सराव-गणितांमुळे सुटला. पण तीन आठवडे छातीवर धरलेला दगड मी त्या दुपारी खाली ठेवला. अशी दुपार आमच्या घरात आपोआप आली नव्हती. कुणीतरी तिच्यासाठी बैल सोडला होता, कुणीतरी इन्सेन्टिव्ह सोडला होता आणि एका सात-आठ वर्षांच्या मुलीने जेवताना प्रश्न विचारला होता.

तेव्हापासून इथेही मी रविवार पाळायचा प्रयत्न करतो. दर वेळी जमत नाही. सोमवारी व्हायवा असला की रविवारी रात्री माझ्याही रूमचा दिवा चालू असतो. पण सकाळी चर्च आणि दुपारी दोन ते सहा पुस्तक बंद, एवढं बहुतेक वेळा साधतं.

आणि एक. रविवारी दुपारी फीस्ट झाली की संध्याकाळी आपली मेस बंद असते. यावर आपण वर्षानुवर्षं तक्रार करत आलो आहोत. मीही सहीच्या कागदावर सही केली होती. मागच्या टर्मला मेसच्या मावशींना सहज विचारलं, "रविवारी संध्याकाळी काय करता?" म्हणाल्या, "काय नाही. घरी बसते. नातू येतो, त्याच्याशी गप्पा मारते." पुढच्या वेळी सह्यांचा कागद आला तेव्हा मी सही केली नाही.

मग आम्ही रूमवरच खिचडी करतो. (रेक्टर सरांनी हे वाक्य वाचू नये ही नम्र विनंती.) कांदे पार्टनर चिरतो. तो चर्चला कधी आला नाही, मी कधी बोलावलंही नाही. पण खिचडी शिजेपर्यंत तो हल्ली गॅलरीत जाऊन घरी फोन करतो. पूर्वी दोन मिनिटांत यायचा. आता खिचडी गार होते.

बाकी आंघोळीचं म्हणाल, तर नळाखाली बादलीत आता टॉवेल धरतो. आवाज होत नाही. झोपा निवांत.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल